चाकाखालचा धोंडा

“पाव्हणं, इंजिन बंद करा,” वॉचमन म्हणाला.

“बंद केली तर तू ढकलणार हायेस का?” अण्णांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “एकट्याच्यानं व्हायचं न्हाई. चार गडी लागत्यात.”

वॉचमन हसला. नामदेव त्याचं नाव, परांड्याकडचा. “आमच्या गावाकडं लग्नाला असलीच जीप असायची,” असं म्हणत तो बॉनेटवर हात ठेवायला गेला आणि चटका बसल्यासारखा मागे सरला. गेल्या दोन वर्षांत आमच्या फाटकातून असली गाडी आत आलेली नव्हती. फाटकाच्या खांबावर हिरव्या अक्षरांत पाटी होती : डिझेल वाहनांना आत प्रवेश नाही. त्या पाटीखाली माझ्या वडिलांची, अण्णांची जीप उभी राहून धडधडत होती. मागून निघणारा धूर गुलमोहराच्या फांद्यांत अडकत होता, आणि सकाळचं फिरणं संपवून परतणारे लोक नाकाला रुमाल लावून लांबून वळसा घालत होते. समोरच्या काचेवर, वरच्या बाजूला, पांढऱ्या रंगात माझं नाव होतं. ‘वैजयंता’. मी दुसरीत होते तेव्हा पाटणच्या पेंटरनं काढलेलं. रंग उडाला की अण्णा स्वतः गिरवत.

“अण्णा, चहा घ्यायला वर चला आधी.”

“चहा नगं. तुझ्या आईला आण. गाडी सुरू हाय.”

गाडी सुरू आहे, हे त्यांनी गाडीत पाणी आहे, डिझेल आहे, अशा सुरात सांगितलं नाही; ताकीद दिल्यासारखं सांगितलं. गोठणवाडीहून अंधार असतानाच निघून ते पुण्यात पोचले होते, आणि वाटेत कुठेही त्यांनी ती बंद केली नव्हती. खेड शिवापूरच्या पंपावर डिझेल भरतानाही नाही. तिथल्या पोरानं कटकट केली म्हणे.

जीपचं दुखणं मला लहानपणापासून ठाऊक होतं, फक्त ते आता वाढलं होतं. सपाटीवर बंद केली की डिझेल नळीतून मागे टाकीत उतरायचं आणि नळीत हवा शिरायची. मग ती हवा काढत बसायचं. स्टार्टरही म्हातारा झाला होता. म्हणून अण्णा जीप नेहमी उतारावर, नाक खाली करून लावत. तशी लावली की डिझेल जागच्या जागी राहतं आणि स्टार्टरची गरजही पडत नाही. आमच्या घरापुढचं अंगण तसं उतरतंच होतं. सकाळी अण्णा स्टिअरिंगवर बसत, आई पुढच्या चाकाखालचा धोंडा दोन्ही हातांनी ओढून बाजूला व्हायची, जीप घरंगळायची आणि कडुलिंबापाशी पोचेपर्यंत इंजिन पकडायचं. मग आई धोंडा पायानं भिंतीकडे सारून चुलीकडे वळायची. मी शाळेत जायला लागल्यापासून लग्न होईपर्यंत माझी प्रत्येक सकाळ या आवाजानं सुरू झाली.

इंजिनातल्या असल्या पंपाचं काम करणारा पाटणला आता कुणी राहिला नव्हता. एक होता, त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं.

आईला अकरा महिने झाले होते माझ्याकडे येऊन. फुप्फुसं आकसत चालली होती. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, “घरात धूर असायचा का?” आई म्हणाली, “चुलीचा व्हय. आन् ह्यांच्या गाडीचा.” अण्णा तेव्हा बाजूच्या खुर्चीवर बसले होते. ते उठून बाहेर गेले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. नंतर आईनं त्यांना ऐकवलं, “त्या धुरानं तुमची पोरगी शिकली. डाक्टरला काय ठावं.” पण त्या दिवसापासून अण्णा तिच्या खोलीत येताना सदरा बदलून यायचे.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. घरी न्यायचं म्हणताय तर उद्याच न्या, परवावर ढकलू नका, असं ते म्हणाले. आईनं ते दाराआडून ऐकलं असावं. संध्याकाळी तिनं मला जवळ बसवलं.

“मला घरात मरायचंय, वैजू. बाहीर सरलेलं माणूस आपल्याकडं वेशीच्या आत घेत न्हाईत. ठावं हाय न्हवं तुला?”

“असलं काही बोलू नकोस.”

“बोलती म्हंजे काय, हायेच ते. तुझ्या चुलत्याला कराडच्या दवाखान्यातनं आणला, तर परस्पर नदीला न्हेला. काकीनं त्याचं तोंड वढ्याच्या पल्याड बघितलं. मला तसलं नगं. मला माझ्या उंबऱ्यातनं काढायचं.”

“ॲम्ब्युलन्स सांगते उद्या सकाळची.”

“ती पांढरी गाडी नगं. तीत घातलेलं माणूस उठून बसलेलं म्यां बघितलं न्हाई. ह्यांना फोन लाव. जीप घिऊन या म्हणावं.”

जीपमधून परत आलेली माणसं तिनं बघितली होती. गोठणवाडीच्या किती बायका त्या जीपच्या मागच्या बाकावर आडव्या होऊन बाळंतपणाला पाटणला गेल्या आणि मांडीवर लेकरू घेऊन आल्या. जीप पहिल्यांदा गावात आली तेव्हा बायकांनी तिला ओवाळलं होतं. घाटातून डिझेलचा वास आला की लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर यायचे, पाटणला नेणारं वडाप आलं म्हणून. पाहुण्यांत आमची ओळख ‘डिझेल गाडीवाले चाळके’ अशी होती. माझ्या लग्नाच्या बैठकीत मामांनी ते दोनदा सांगितलं.

माझ्या मुलीचे, तनूचे बाबा दुबईला गेले आणि पुढे तिकडचेच झाले, ही नंतरची गोष्ट.

आईला खुर्चीत बसवून खाली आणेपर्यंत दिवेकरकाका फाटकाशी येऊन उभे होते. सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिशांचे. आदल्या रात्री मी त्यांच्याकडून पाच मिनिटांची परवानगी घेतली होती. त्यांनी ती लगेच दिली होती, आईची चौकशीही केली होती.

नामदेवनं आणि मी आईला मागच्या बाकावर टेकवलं, उशा लावल्या, छोटं सिलिंडर पायाशी ठेवलं. जीप हादरत होती, तशी आईची मानही बारीक हादरत होती. तिनं बाकावरून हात फिरवला.

“रेक्झिन बदललं वाटतं.”

“व्हय. तू बसणार म्हणून,” अण्णा पुढून म्हणाले.

“लाल कशाला घेटलं? लगीन हाय का माझं?”

“निळं नव्हतं त्याच्याकडं.”

आई हसली आणि तिला खोकला आला.

“वैजयंता,” दिवेकरकाकांनी मला बाजूला बोलावलं. “पाच मिनिटं म्हणाली होतीस. वीस होऊन गेली.”

“आईला आणायला वेळ लागला, काका. निघतोच आहोत. वरून औषधांची पिशवी आणली की झालं.”

“निघा ना. पण तोवर इंजिन बंद ठेवायला काय हरकत आहे? वर गॅलरीपर्यंत धूर येतोय. सईला आत्ता पंप द्यावा लागला.” सई त्यांची नात, दम्याची.

“बंद केली तर पुन्हा लागणार नाही.”

“म्हणजे काय? गाडी आहे की काय आहे?”

“सपाटीवर लागत नाही ती, काका. आणि ती लागली नाही तर आई घरी पोचणार नाही. तिच्याकडे वेळ नाही. दोनच मिनिटं द्या.”

“मग ॲम्ब्युलन्स का नाही बोलावलीस?”

“तिला नकोय.”

“तिला नको, म्हणून इथल्या सगळ्या मुलांनी हे छातीत भरून घ्यायचं?” त्यांचा आवाज चढला. “अगं, डॉक्टरांनी तिला काय झालंय ते सांगितलं ना तुला? कशानं झालंय तेही सांगितलं असेल. तिलाच त्यात बसवतेस!”

माझाही आवाज चढला. “तुमचीही डिझेलचीच होती ना, काका? पूजा करून पेढे वाटले होते तुम्ही. त्या धुरानं तेव्हा कुणाला काही होत नव्हतं का?”

“होत होतं. आम्हाला कळत नव्हतं.” ते एकदम सावकाश बोलू लागले. “सगळ्यांनीच घेतल्या होत्या. ॲव्हरेज बघा, ॲव्हरेज बघा. कळलं तेव्हा विकली. तुझ्या वडिलांना मी दोष देत नाहीये. बंद करा, एवढंच म्हणतोय.”

“नाही करणार.”

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी मोबाइल धरून चित्रीकरण करत होतं. “ग्रुपवर टाका,” असं दुसऱ्या गॅलरीतून कुणी म्हणालं. जिन्याच्या दाराशी चार-पाच बायका जमल्या होत्या. त्यांच्या पुढे सुलभाताई दिवेकर उभ्या होत्या. त्यांच्या हातात तनूची निळी पाण्याची बाटली होती. तनूला त्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे सोडलं होतं. त्या माझ्याकडेही बघत नव्हत्या आणि नवऱ्याकडेही.

मी जीपकडे परतले तेव्हा आई त्यांच्याकडेच बघत होती. अकरा महिन्यांत ती खोलीबाहेर फारशी पडलीच नव्हती; तनू कुणाकडे तरी जाते, एवढंच तिला ऐकून ठाऊक होतं.

“ती बाई कोण गं? बाटलीवाली.”

“सुलभाताई. दिवेकरकाकांच्या.”

“तनू जाती ती हिच्याकडं व्हय?”

“हो. शाळेतून आली की मी येईपर्यंत तिथंच असते.”

“रोज?”

“रोज. बोलू नकोस तू. दम लागेल.”

“जेवू घालती?”

“घालते. अभ्यासही घेते.”

“आन् तू भांडत हुतीस त्यो तिचा मालक.” आईनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला झोप लागतेय. मग ती म्हणाली, “वैजू, माझी मशेरीची डबी वर राहिली.”

“पाटणला दुसरी घेऊ.”

“तीच पायजे. पितळंची. उशाखाली बघ, न्हाईतर खिडकीत असंल. धा वर्सं वापरती मी ती.”

“आई, आता...”

“जा गं. तेवढी आण. मग निघू.”

मी वर गेले, औषधांची पिशवी दाराशी काढून ठेवली. उशाखाली नव्हती. खिडकीत नव्हती. मी गादी उलटी केली, कपाटाखाली हात घातला, न्हाणीघरातला कप्पा पाहिला. खालून जीपचा आवाज येत होता तोवर मला धीर होता. मी पलंगाखाली वाकले असताना तो आवाज थांबला. एकदम थांबला नाही. दोन-तीन धक्के देऊन, घसा खाकरल्यासारखा करून थांबला.

मी जिन्यानंच खाली धावले.

फाटकाशी सगळे जागच्या जागी उभे होते. अण्णांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोर बघत होते. काचेतून त्यांच्या कपाळावर माझ्या नावाची सावली पडली होती.

“कुणी बंद केली?”

मी दिवेकरकाकांकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवली.

“डबी घावली का?” आईनं विचारलं.

“नाही.”

“ऱ्हाऊ दे मग. चला.”

अण्णांनी चावी फिरवली. स्टार्टर कण्हला. पुन्हा फिरवली. ते उतरले, बॉनेट उघडलं, नळीतली हवा काढायला पाना घेऊन पंपाचा नट ढिला केला आणि अंगठ्यानं दट्ट्या मारायला लागले. नटाच्या कडेनं फेस येत होता. फेस थांबून स्वच्छ डिझेल येईपर्यंत मारत राहायचं असतं. फेस थांबत नव्हता. त्यांच्या बोटांवरून डिझेल ओघळून फरशीवर पडायला लागलं, तेव्हा दिवेकरकाकांनी नामदेवला माती टाकायला सांगितलं आणि लगेच, “नको, राहू दे,” म्हणाले.

“व्हईल का, अण्णा?”

“व्हईल की. जरा दम धर.”

पुन्हा चावी. स्टार्टरचा आवाज बारीक होत होत नुसता टकटक करू लागला. बॅटरी बसली.

“ढकलू या,” दिवेकरकाका म्हणाले.

ढकलायला चार गडी लागतात असं अण्णा गमतीनं म्हणाले होते. सात जण लागले. नामदेव, दूधवाला, दोन कुरिअरवाले, जिममधून आलेला एक तरुण, मी आणि दिवेकरकाका. त्यांनी मनगटातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि धूर निघतो त्या नळीच्या नेमकं मागे उभे राहिले. फरशीचा रस्ता सपाट होता. पहिल्या खेपेला जीप नुसती लोळत गेली. दुसऱ्या खेपेला अण्णांनी क्लच सोडला तशी तिला एक आचका बसला, मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि इंजिन पकडलं.

“लागली! लागली!” नामदेव ओरडला.

ती दोन वेळा धडधडली आणि थांबली.

दिवेकरकाकांचं तोंड, मिशा, पांढरा सदरा, सगळं काळं झालं होतं. ते खोकत होते आणि खोकता खोकताच म्हणत होते, “अजून एकदा. अजून एकदा, चला.”

आम्ही अजून तीनदा ढकलली. फाटकापासून चार्जिंगच्या खांबापर्यंत आणि परत. आई मागच्या बाकावर उशांना टेकून होती. प्रत्येक आचक्याला तिचं डोकं मागे आदळत होतं, म्हणून मी ढकलायचं सोडून आत शिरले आणि तिची मान धरून बसले.

“बास करा आता,” ती म्हणाली. “माणसांस्नी किती तरास द्यायचा.”

ॲम्ब्युलन्स दिवेकरकाकांनीच बोलावली. ती यायला वेळ लागला. लांब पल्ल्याला जायचं म्हटल्यावर एकानं नाही म्हटलं, दुसरा हिंजवडीत अडकला होता. ती आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सुलभाताईंनी आईच्या कपाळाला ओला रुमाल लावला. आईनं त्यांचा हात धरून ठेवला आणि त्यांना काहीतरी सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. अण्णांनी जीप नामदेवच्या हवाली केली आणि ते पांढऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसले. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसलेले अण्णा मी पहिल्यांदाच पाहिले. घाट असल्यासारखे ते पायानं ब्रेक दाबत होते.

उंब्रजला वळलो तेव्हा आई बोलत होती. पाटणला बाजार भरला होता, ती कुशीवर वळून काचेतून बघत होती. पुढे आमचा घाट सुरू होतो तिथे वडाच्या झाडाखाली पूर्वी वडापचा थांबा होता. तिथं पोचलो तेव्हा तिचा हात माझ्या हातात जड झाला. ॲम्ब्युलन्सच्या मुलानं मास्क काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. घाट चढला की आमचं घर दिसतं.

वर वेशीपाशी लोक उभे होते. कुणी दुष्टपणानं अडवलं नाही. दत्तूआबा, ज्यांच्या सुनेला अण्णांनी भर पावसात पाटणला नेलं होतं, ते अण्णांच्या गळ्यात पडून रडले आणि म्हणाले, “हिंदुराव, रीत हाय बाबा.” अण्णा म्हणाले, “व्हय. रीत हाय.” ओढ्याच्या अलीकडे चार बांबूंना लुगडी बांधून आडोसा केला. घरातून पाणी आलं, हळद आली, हिरवं लुगडं आलं. आमच्या घराचं कौल तिथून दिसत होतं. आईला तिथंच नटवलं.

जुनं लुगडं सोडताना काकीच्या हाताला काहीतरी लागलं. तिनं माझ्याकडे हात पुढे केला.

“ही बघ. मशेरीची डबी. कनवटीलाच हाय की हिच्या.”

मी ती घेतली. आजारी माणूस विसरतं, असं मला वाटलं.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तनूला सुलभाताईंकडून काढलं आणि लांबच्या एका पाळणाघरात घातलं. सुलभाताई दोनदा दार वाजवून गेल्या. मी उघडलं नाही. दिवेकरकाका लिफ्टमध्ये भेटले की मी मोबाइल काढायचे. “वैजयंता,” असं एकदा त्यांनी सुरुवात केली होती. माझा मजला आला. तनू पाळणाघरात रमली नाही. पुढे गळ्यात किल्ली अडकवून एकटीच घरी राहायला शिकली. अण्णा कधी आले तर खाली बाकावर दिवेकरकाकांच्या शेजारी बसत, चार्जिंगला लावलेल्या गाड्या बघत. दोघं फारसं बोलत नसत. मला त्याचाही राग यायचा.

गेल्या वर्षी दिवेकरकाका वारले. मी त्यांच्याकडे गेले नाही.

या मार्गशीर्षात अण्णांनी जीप मोडीत काढायचं ठरवलं. वडाप कधीच बंद झालं होतं. गावात दारोदारी गाड्या आल्या होत्या, आणि जीप सुरू केली की शेजारची नवी सून खिडक्या लावून घ्यायची. कागदांचीही मुदत संपत होती. कराडच्या एका यार्डवाल्यानं घेतो म्हणून सांगितलं. मी सोबतीला गेले.

सकाळी अण्णा स्टिअरिंगवर बसले. जीप अंगणात उतारावर उभी होती, नाक खाली करून. समोरच्या काचेवरचं नाव त्यांनी या वर्षी गिरवलं नव्हतं. त्यांनी क्लच दाबून गिअर टाकला. मग म्हणाले,

“वैजू, धोंडा काढ.”

मी वाकले. काळा, अंडाकृती धोंडा होता. दोन्ही बाजूंनी हात बसतील असा गुळगुळीत झालेला. मी तो ओढला आणि बाजूला झाले. जीप घरंगळली, कडुलिंबापाशी इंजिननं पकडलं. एका दमात.

आम्ही घाट उतरलो. खाली वडापाशी अण्णांनी जीप बाजूला घेतली. बंद केली नाही.

“दिवेकर गेला तवा तू त्याच्या दारात गेली न्हाईस,” ते म्हणाले.

“नाही गेले.”

“त्यानं बंद करायला लावली असं तुला वाटतं.”

“वाटतं म्हणजे? सगळ्यांसमोर ओरडले ते.”

“वरडला. पण त्याच्या वरडण्यानं मी बंद केली असती का? धा जणांनी सांगितलं असतं तरी केली नसती. पोलिसानं सांगितलं असतं तरी न्हाई.” ते समोर रस्त्याकडे बघत होते. “तू वर गेलीस. तिनं मागनं माझ्या खांद्याला हात लावला. म्हणाली, बंद करा.”

इंजिन धडधडत होतं. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“मी म्हणलं, अगं बंद केली तर लागायची न्हाई. सपाटी हाय. ती म्हणाली, मला सांगताय व्हय? तीस वर्सं धोंडा कोण काढतंय?”

“मग?”

“म्हणाली, आपण आता जाणार. वैजूला हितं ऱ्हायाचंय. एकटी हाय. पोरीला ती बाई संबाळती, तिच्या दारात आपल्या गाडीवरनं वाकडं नगं. करा बंद.” अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली, आतून, जिथे पुसण्यासारखं काही नव्हतं. “आन् म्हणाली, वैजूला सांगू नगा. तिला वाईट वाटंल.”

“तुम्ही मला त्याच आठवड्यात का नाही सांगितलंत? मी तनूला तिथून काढली तेव्हा?”

“सांगू नगा म्हणाली हुती ना ती.”

“आणि काकांना? त्यांना सांगितलंत?”

अण्णांनी मान हलवली. “दर खेपंला बाकावर बसला की म्हणायचा, हिंदुराव, माझ्यामुळं झालं. मी म्हणायचो, न्हाई हो. पर तेवढंच म्हणायचो. त्यो तसाच गेला.”

वडाखाली आता थांबा नव्हता. एक पांढरी गाडी आवाज न करता आमच्या शेजारून गेली. अण्णांनी गिअर टाकला.

कराडचं यार्ड सपाट मैदानात होतं. मोडक्या गाड्यांच्या रांगा होत्या, काही चाकं काढून विटांवर ठेवलेल्या. एक माणूस हात हलवत आला, कोपऱ्यातली जागा दाखवली. अण्णांनी जीप तिथं नेऊन उभी केली. कुठं उतार मिळतो का, म्हणून त्यांची नजर एकदा सगळीकडे फिरली.

“बाबा, इंजिन बंद करा की,” तो माणूस नाक दाबून म्हणाला. “किती धूर!”

अण्णांचा हात बंद करायच्या मुठीवर होता. ती ओढली की झालं. त्यांनी ओढली नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ते वाट बघत राहिले.

माझी पर्स मांडीवर होती. आत पितळेची डबी होती, ती मी कुठेही जाताना बरोबर नेते.

“करा बंद, अण्णा,” मी म्हणाले.